पत्रपेटीवर तुझे नाव

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी तुला एका शब्दात ‘नाही’ म्हणाले आणि तू ‘बरं काकू’ एवढेच बोलून फोन ठेवलास. तुझ्या आवाजातला तो ओशाळलेपणा मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. बर्लिनला येऊन तुला चार महिने झाले आणि एवढ्यात ही तुझी तिसरी खोली. ज्याच्याकडून ती घेतलीस तो मूळ भाडेकरू म्हणतो की खुशाल राहा, फक्त आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी राहत्या पत्त्याची नोंदणी, करू नकोस. म्हणून, कागदापुरता माझ्या घरचा पत्ता लावता येईल का, असे तू विचारलेस. नकार मी मागे घेणार नाही. परंतु तुला न समजावता तो तोंडावर मारला, ही माझी चूक झाली.

कायद्याचा भाग आधी सांगते, कारण तो थोडकाच आहे. 1 नोव्हेंबर 2015 पासून या देशात नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. जो माणूस आपल्याकडे राहायला येणार नाही, त्याला नोंदणीसाठी आपला पत्ता देणे बेकायदा आहे आणि तसा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र मी दंडाच्या भीतीने नाही म्हटले, असे समजू नकोस. हा कायदा नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते.

कारण तो कायदा नव्हता तेव्हा मी एकदा ‘हो’ म्हटले होते. 2013 साली दाखल्याची अट नव्हती. आपण अमुक ठिकाणी राहतो असे सांगितले की नोंद होत असे. तुझ्यासारख्याच एका मुलाला आम्ही आमचा पत्ता दिला आणि पत्रपेटीवर त्याच्या नावाची पट्टी लावली. तो राहत होता शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि पत्रे न्यायला दोन-तीन आठवड्यांनी कधीतरी येत असे. एकदा त्याच्या नावाने पिवळे पाकीट, म्हणजे सरकारी नोटिशीचे पाकीट, आले. त्या पाकिटावर टपाल्या ते पेटीत टाकल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहितो आणि मुदत त्या दिवसापासून मोजली जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी ते इतर पत्रांसोबत कपाटावर ठेवून दिले. तो आला तोवर हरकत घेण्याची दोन आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. मी परोपकार केला असे मला वाटत होते आणि माझ्याच कपाटावर त्या मुलाचे नुकसान पडून होते. त्या दिवसापासून माझे एकच म्हणणे आहे आणि ते मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा ऐकवणार आहे: जिथे तू झोपतोस तिथेच तुझे नाव असले पाहिजे, आणि जिथे तुझे नाव लावता येत नाही तिथे तू झोपू नयेस.

हे तुला अतिरेकी वाटेल. परंतु या देशात पत्ता कसा लिहितात ते नीट पाहा. रस्त्याचे नाव, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि शहर. सदनिकेचा क्रमांक बहुतेक पत्त्यांत नसतोच. एका इमारतीत तीस कुटुंबे राहत असली तरी टपाल्या पेटीवरचे आडनाव वाचतो आणि त्यावरूनच पत्र टाकतो. म्हणजे तुझे आडनाव हाच तुझ्या घराचा क्रमांक. ते पेटीवर नसेल तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि ते आले होते हेसुद्धा तुला कळत नाही. तुझा अकरा आकडी कर क्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो. तो कंपनीला मिळाला नाही तर तुझा कर सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वात जड दराने, कापला जाऊ शकतो. बँकेचे कार्ड एका पाकिटात येते आणि त्याचा पिन दुसऱ्या. आरोग्य विमा, परवान्याची कागदपत्रे, वीजबिल, सारे याच वाटेने. आणि तू मला सांगतोस की ‘सध्या कसेतरी चालते आहे’.

‘सध्या’ या शब्दाची मला चीड आहे, आणि ती का आहे हेही सांगते.

आम्ही 2011 मध्ये आलो. घराचा करार तुझ्या काकांनी माझ्या येण्याआधी स्वतःच्या एकट्याच्या नावावर केला होता आणि बेलवर व पेटीवर त्यांचेच आडनाव होते. मी लग्नानंतर माहेरचे आडनाव बदलले नव्हते आणि पासपोर्टावरही तेच होते. पहिल्या आठवड्यातच मी त्यांना म्हटले होते की माझेही नाव खाली लावू या. ते म्हणाले, सध्या राहू दे, दोन वर्षांनी परत जायचेच आहे, इमारतीच्या व्यवस्थापकाला कशाला त्रास द्यायचा. मीही आग्रह धरला नाही. मी माझ्या पदवीच्या मान्यतेसाठी अर्ज केला होता आणि एका ठिकाणी काम जवळजवळ ठरले होते. त्या अर्जातले एक कागदपत्र अपुरे होते. ते ठरावीक मुदतीत पाठवा, असे कळवणारे पत्र माझ्या नावाने निघाले, आमच्या दारापर्यंत आले, आणि त्या आडनावाची पेटी नाही म्हणून परत गेले. मी पाच महिने वाट पाहिली. अखेर चौकशी केली तेव्हा प्रकरण बंद झाले होते आणि ते कामही दुसऱ्या कोणाला मिळाले होते. पुढे पुन्हा सगळे उभे करायला मला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे मी घरात बसून काढली. ज्या घराच्या बाहेर माझे नाव नव्हते, त्या घरात. एका बोटाएवढ्या कागदी पट्टीचे काम होते.

यात तुझ्या काकांचा दोष मोठा की माझा, यावर आम्ही पुष्कळ भांडलो. आता माझे मत असे आहे की दोष माझा होता, कारण मला समजले होते आणि तरी मी गप्प राहिले. ओळखीतले लोक म्हणतात की मी कागदांच्या आणि पट्ट्यांच्या मागे वेड्यासारखी लागते. म्हणोत. ज्याचे पत्र कधी परत गेले नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये.

आता तुझे पाहू. मूळ भाडेकरू नोंदणी करू नको म्हणतो, याचा अर्थ बहुधा असा की पोटभाडेकरू ठेवायला त्याने घरमालकाची परवानगी घेतलेली नाही. ती भीती त्याची आहे, तिचे ओझे तू का वाहतोस? राहण्याची जागा त्याने तुला दिली आहे, तेव्हा दाखला देणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि नोंदणी करणे हे तुझे. तो सही देत नसेल, तर तसे ताबडतोब नोंदणी कार्यालयाला कळवावे, असे कायदाच सांगतो. करार, भाडे भरल्याचा बँकेचा उतारा आणि पासपोर्ट घेऊन जा आणि घडले ते सांग. बर्लिनमध्ये कोणत्याही भागातल्या ब्युर्गरआम्टची, म्हणजे या नोंदणी कार्यालयाची, भेटीची वेळ घेतली तरी चालते. आपल्याच भागाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. त्याच्याशी संबंध बिघडतील आणि खोली सोडावी लागेल, हे मला दिसते आहे. सोड. जिथे तुझे नाव लावता येत नाही ती खोली सुटली तर काय सुटले?

नवे घर शोधताना तू रिंगच्या आत हट्ट धरून बसला आहेस. रिंग म्हणजे एस-बान या शहरी रेल्वेची वर्तुळाकार लाइन, ती 37 किलोमीटरची आहे. सारे शहर तिच्या आतच आहे, असा समज नव्याने आलेल्या प्रत्येकाचा होतो आणि मग एका घरासाठी जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागते. रिंगच्या बाहेरचे भाग पाहा: श्पांडाऊ पाहा, क्योपेनिक पाहा, मार्त्सान पाहा. ऑफिसला पाऊण तास लागला तरी चालेल. स्वतःच्या नावाच्या करारासाठी पाऊण तास ही फार मोठी किंमत नव्हे. अर्जाची फाइल तयार ठेव: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, शूफाचा (तुझी देणी-पत दाखवणारा) अहवाल, नोकरीचा करार आणि आधीच्या घरमालकाने दिला तर भाडे थकलेले नसल्याचा दाखला. पासपोर्टाची प्रत घर पाहण्याआधी कोणालाही पाठवू नकोस. आणि ते परदेशी असलेले घरमालक, जे अनामत भरा म्हणजे चावी कुरियरने पाठवतो असे लिहितात, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नकोस. तू उत्तर दिलेस हे ऐकून मला राग आला. जे घर पाहिले नाही त्याचे पैसे भरायचे नसतात, हे तुला मी सांगायला हवे होते का?

आणखी एक गोष्ट बोलता बोलता तू सांगितलीस आणि ती मला अधिक लागली. उत्तरे येत नाहीत म्हणून अर्जावर नाव तोडून, इथल्या लोकांना सोपे वाटेल असे काहीतरी लिहावे, असे तुझ्या मित्रांनी सुचवले आहे. परके नाव पाहून अर्ज बाजूला सारणारे आहेत. 2006 चा समान वागणुकीचा कायदा असूनही आहेत, आणि मी तो अनुभव घेतला आहे. तरीही नाव तोडू नकोस. करारावर एक नाव, पासपोर्टात दुसरे आणि पेटीवर तिसरे, अशा माणसाला या देशात प्रत्येक खिडकीपाशी आपण कोण हे नव्याने सिद्ध करावे लागते. व्यवहाराचे कारण झाले. दुसरे कारण मी लिहीत नाही, ते तुला समजते. उत्तरे कमी येतील, तर अर्ज जास्त कर.

घर मिळेल तेव्हा अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे इतर खर्च न धरलेल्या निव्वळ भाड्यापेक्षा, अधिक मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा तुला हक्क आहे. मोजताना वार्ममीटे, म्हणजे हीटिंग वगैरे खर्चासकटचे भाडे, धरली आहे का, ते तपासून घे. एजंट घरमालकाने नेमला असेल तर त्याचे पैसे तू द्यायचे नाहीत. हा नियम जून 2015 पासून आहे. चावी घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग आणि मीटरचे आकडे नोंदवून दोघांच्या सह्या घे. हे सारे तू कुठेही वाचशील, म्हणून लांबवत नाही. एवढेच लक्षात ठेव की घर सोडण्याची नोटीस स्वतःच्या सहीच्या कागदावरच द्यावी लागते, ईमेल चालत नाही, आणि मुदत तीन महिन्यांची असते.

मात्र दिव्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. इथे रिकामे घर म्हणजे खरोखर रिकामे. छतातून नुसत्या तारा लोंबतात आणि बऱ्याच घरांत ओटाही नसतो. जाणारा भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचकटून बरोबर नेतो. आमच्या पहिल्या घरात तीन वर्षे दिवाणखान्यात तारेला एक उघडा बल्ब होता. परत जायचेच आहे तर दिवा कशाला, असे आम्ही दोघे म्हणत राहिलो. त्या बल्बच्या उजेडात मी ती वाट पाहण्याची वर्षे काढली, आणि आजही कोणाच्या घरी उघडा बल्ब पाहिला की माझ्या पोटात कालवते. दोन वर्षांसाठी आला असशील, दोन महिन्यांसाठी आला असशील, तरी दिवा लाव. पेटीवर नाव लावणे आणि छताला दिवा लावणे ही माझ्या लेखी एकच गोष्ट आहे. राहत असल्याची कबुली स्वतःला दिल्याशिवाय माणूस भाषा शिकत नाही, शेजाऱ्याला नाव सांगत नाही, जिन्यात भेटलेल्या म्हातारीशी दोन वाक्ये बोलत नाही. तू चार महिन्यांत यांतले काहीच केलेले नाहीस, कारण तुझ्या मते तू अजून आलेलाच नाहीस.

मी कठोर लिहिले आहे हे मला कळते. तुला पत्ता दिला असता तर तू आनंदाने फोन ठेवला असतास, मला चांगली काकू म्हणाला असतास आणि त्याच खोलीत ‘सध्या’ म्हणत आणखी एक वर्ष काढले असतेस. पत्ता देणार नाही. घर मात्र देईन. ती खोली सुटली तर सामान घेऊन सरळ इकडे ये. मागची लहान खोली रिकामी आहे, दुसरे घर मिळेपर्यंत तिथे राहा. मग तू खरोखर इथे राहत असशील. घरमालकाला कळवून दाखल्यावर मी त्याच दिवशी सही करीन आणि पेटीवर तुझी पट्टी लावीन. दोन्हींत फरक काय, असे आता विचारू नकोस.

गुरुवारी मला सुट्टी आहे. श्पांडाऊला घर पाहायला जाणार असशील तर मी बरोबर येते. करार मिळाला तर सही करण्यापूर्वी मला दाखव. शिडी आणि ड्रिल आमच्याकडे आहे, दिवे लावायला तुझे काका येतील. आणि मार्चमध्ये तुझी पत्नी येणार आहे, तेव्हा तिचे आडनाव पासपोर्टात रोमन अक्षरांत नेमके कसे लिहिले आहे ते आजच कळव. पट्ट्या मी दोन करून आणते.

तुझी,
काकू