एकटाच सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात

प्रश्न : आठवीला गट करून गणितं देते. एक मुलगा सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात. प्रत्येकाचं सहकार्य वेगळं मोजता येईल का?

येईल, पण आधी गणित बदला. एकट्याला सुटणारा प्रश्न दिला तर हुशार मूल तो एकट्यानंच सोडवणार. त्यात त्याची चूक नाही. तिघांचे गट करा. उत्तरासाठी लागणारे सहा तपशील प्रत्येकी दोन असे वाटा. कागद एकमेकांना दाखवायचा नाही, फक्त बोलायचं. वेळ वीस मिनिटं. चौघांपेक्षा मोठ्या गटात कुणीतरी हमखास गप्प बसतं.

नोंद उत्तराची नको, बोलण्याची करा: आपला तपशील सांगितला का, दुसऱ्याला विचारला का, विसंगती दाखवली का, अडल्यावर योजना बदलली का. ‘छान सहभाग’ असा शेरा कामाचा नाही. जमलं तर काही गटांची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहा. न जुळलेल्या ठिकाणी बहुधा निकषाची वाक्यरचनाच ढिली निघते. आणि जोडीदार बदलून निदान तीनदा पाहा. एका बैठकीत मुलाचं कौशल्य दिसतं की सोबत्याचं, हे वेगळं काढता येत नाही.

प्रश्न : ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मुलं संगणकाशी बोलली म्हणे. याला सहकार्य म्हणायचं?

२०१५च्या चाचणीत जोडीदार संगणकी होते आणि मुलांनी ठरावीक संदेशांतून निवड करायची होती. फायदा उघड आहे: प्रत्येकाला सारखाच जोडीदार, त्यामुळे तुलना सरळ. पण खरं सहकारी मूल विषय भरकटवतं, रुसतं, अर्धवट बोलतं. ते यात मोजलं जात नाही. त्या फेरीत सिंगापूर पहिलं आलं आणि सहभागी प्रत्येक देशात मुलींची सरासरी मुलांपेक्षा जास्त होती. त्याआधीच्या एटीसी२१एस या, एकविसाव्या शतकातली कौशल्यं मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मात्र दोन विद्यार्थ्यांनाच संगणकावर जोडलं होतं.

प्रश्न : एम.एड.च्या प्रबंधासाठी सहकार्य मोजण्यातलं नवं काय?

अंतिम गुणांकडून प्रक्रियेकडे सरकणं. चॅटचे संदेश, क्लिकचा क्रम, कोण किती वेळ बोललं, नजर कुठे होती, हे सगळं आता विदा (डेटा) म्हणून वापरतात. संदेशांचं वर्गीकरण भाषिक प्रारूपांकडून (चॅटजीपीटीसारख्या एआयकडून) करून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्यातला काही भाग हातानं तपासल्याशिवाय ते वापरू नका. संख्याशास्त्रात नेहमीची चूक अशी: एका गटातली मुलं एकमेकांवर प्रभाव टाकतात, तरी त्यांना स्वतंत्र नमुने धरून टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी) लावली जाते. मग नसलेला फरकही सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असा, दिसतो. मूल आणि गट हे दोन्ही स्तर धरणारं बहुस्तरीय प्रारूप वापरा, आणि नमुना ठरवताना मुलांइतकेच गटही मोजा.