वाळवंटातला कच्चा रस्ता: आधी टायर पाहा, मग गाडी

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई लॉस एंजेलिसला राहतात. येत्या जानेवारीत आम्ही सर्वजण कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात जाणार असून, सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेले तिथले रेसट्रॅक नावाचे मैदान पाहण्याची माझी इच्छा आहे. तिथवरचा रस्ता कच्चा आहे असे समजते. गगनबावड्याच्या आणि आंबा घाटात ऐन पावसाळ्यात, तसेच राधानगरीकडच्या जांभ्याच्या रस्त्यांवर मी अनेक वर्षे गाडी चालवली आहे. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी भाड्याने घेतली तर तेवढे पुरे होईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, तेवढे पुरे होणार नाही. उबेहेबे या ज्वालामुखीच्या विवरापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून रेसट्रॅकपर्यंतच्या सुमारे ४३ किलोमीटरच्या वाटेवर गाडी रुतण्यापेक्षा टायर फाटण्याची भीती कितीतरी मोठी आहे. वाटेवरचे दगड धारदार असतात आणि ते टायरच्या तळाला नव्हे, तर बाजूच्या पातळ भिंतीला कापतात. अशी चीर पंक्चरच्या किटने बुजत नाही. भाड्याच्या शहरी एसयूव्हीला बहुधा साधे, रस्त्यावरचे टायर असतात. स्टेपनी बारकी, तात्पुरती असते किंवा मुळीच नसते. शिवाय भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते, म्हणजे गाडी ओढून आणण्याचा सगळा खर्च, आणि तो जबर असतो, आपल्या माथी येतो. म्हणून जाड टायरची, उंच तळाची आणि कच्च्या रस्त्यासाठीच भाड्याने दिली जाणारी जीप मिळत असेल, तरच पुढे जावे. उद्यानातल्या फर्नेस क्रीक या वस्तीत तशी चौकशी करता येते.

आपला घाटातला अनुभव वाया जाणार नाही. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला वाट देण्याचा नियम तिथेही आहे. मात्र तिथे स्टिअरिंग डावीकडे असते. आयुष्यभर उजवीकडे बसून चालवणाऱ्याला गाडीच्या उजव्या चाकांचा अंदाज पटकन येत नाही आणि कडेचे दगड नेमके त्याच बाजूला असतात. माझे मत विचाराल, तर हा ४३ किलोमीटरचा टप्पा जावयांनी चालवावा आणि आपण शेजारी बसून उजवी कड सांभाळावी.

या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे पडलेले असतात. वेग वाढवला की धक्के कमी जाणवतात, म्हणून चालकाला मोह होतो. परंतु त्या वेगात चाके जमिनीला धड टेकत नाहीत आणि वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. हळू जावे आणि एका बाजूला दोन तास धरावेत. जानेवारीत दिवस लहान असतो, त्यामुळे सकाळीच निघावे. अंधारात दगड दिसत नाहीत.

पाऊस हा तिथे आपल्या सवयीपेक्षा अगदी निराळा विषय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या अवशेषांमुळे फर्नेस क्रीकला एका दिवसात सुमारे ५६ मिलिमीटर पाऊस झाला. गगनबावड्याला जुलैत एवढ्या पावसाची कोणी दखलही घेत नाही, पण तिथे तो जवळजवळ वर्षभराचा पाऊस होता. रस्ते वाहून गेले आणि उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले. उघड्या डोंगरांवर पाणी मुरत नाही, त्यामुळे दूर कुठे पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या ओढ्यातून अचानक येतो. अशा ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नये. निघण्यापूर्वी फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात त्या दिवशीची रस्त्याची स्थिती विचारावी, कारण जीपीएसचा नकाशा बंद रस्ताही बिनदिक्कत दाखवतो.

हे उद्यान कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळजवळ पावणेदोन पट मोठे आहे आणि आतल्या कच्च्या रस्त्यांवर मोबाइलला रेंज नसते. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, खाण्याचे सामान आणि थंडीचे कपडे सोबत असावेत. पेट्रोलची टाकी आधीच भरावी. गाडी बंद पडली तर चालत मदत शोधायला निघू नये. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने घेणे उत्तम. ते विकत घेऊन भारतात मात्र आणू नये, इथे परवानगीशिवाय असे यंत्र बाळगता येत नाही.

मैदानाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर २०१३ मध्ये संशोधकांनी हे दगड प्रत्यक्ष सरकताना पाहिले: साचलेल्या उथळ पाण्यावर रात्री बर्फाचा पातळ थर धरतो, उन्हाने तो फुटतो आणि मंद वाऱ्यानेही त्याचे तुकडे दगडांना ढकलतात. म्हणजे आपण निवडलेल्या महिन्यात मैदान ओले असू शकते. ओल्या मैदानावर चालू नये, कारण पावलांचे ठसे वर्षानुवर्षे राहतात. गाडी नेण्यास तर कायमचीच बंदी आहे. मैदान ओले असेल, तर उबेहेबेचे सुमारे १८० मीटर खोल विवर पाहून तिथूनच परतावे.

प्रश्न : वाळूत चालवताना टायरची हवा कमी करतात. दगडाळ रस्त्यावरही करावी का?
— एक वाचक, कागल

उत्तर : थोडीशी करावी, त्याने धक्के कमी बसतात. वाळूत करतात तितकी मात्र मुळीच नको, कारण हवा फार कमी झाली की टायरची बाजू फुगून दगडाला लागते. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरायची असल्याने गाडीतून चालणारा छोटा पंप आणि प्रेशर मोजण्याचे गेज सोबत नसेल, तर हवा काढूच नये.