कपावरचं ‘दक्षिण सातारा’

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत एक छोटा कप सापडला. त्यावर ‘दक्षिण सातारा, १९५६, टेनिस, ज्युनियर दुहेरी, उपविजेते’ एवढंच कोरलंय. वडिलांची शाळा मिरजेतली. ते साताऱ्याला राहिल्याचं कुणालाच आठवत नाही. हा कप कुठला असेल? आणि त्या काळात आपल्याकडची शाळकरी मुलं टेनिस खेळत होती का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, कप आपल्याच जिल्ह्यातला आहे. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. सांगली-मिरज ज्यात आलं, तो ‘दक्षिण सातारा’. ‘सांगली जिल्हा’ हे नाव १९६० मधलं. तेव्हा वडिलांना साताऱ्याला जायची गरजच नव्हती. कप छोटा म्हणताय, म्हणजे तो कायमचा घरी ठेवायला दिलेला. फिरता चषक मोठा असतो, त्यावर दर वर्षीच्या विजेत्यांची नावं चढतात आणि वर्षाने तो परत करावा लागतो.

मुलं खेळत होती, पण थोडी. लाकडी रॅकेट महाग, त्यातून पावसाळ्यात ती वाकू नये म्हणून प्रेसमध्ये, म्हणजे स्क्रूच्या चौकटीत, आवळून ठेवायची. मी शिकवायचो त्या शाळेत नेट एकच होतं, तेही व्हॉलीबॉलचं. खो-खो, कबड्डी, कुस्ती यांना असला खर्च नव्हता, म्हणून आमच्या मैदानांवर तेच खेळ वाढले. टेनिस त्याच मुलांना मिळालं, ज्यांच्या घराजवळ कोर्ट होतं.

तरी एक नाव मी दर वर्षी वर्गात आवर्जून सांगायचो. नंदू नाटेकर १९३३ मध्ये सांगलीत जन्मले. जग त्यांना बॅडमिंटनसाठी ओळखतं, पण आधी ते टेनिस खेळत. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. हेच कृष्णन १९५४ मध्ये विम्बल्डनची मुलांची स्पर्धा जिंकले! नाटेकर बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये, तुमच्या कपाच्याच वर्षी, क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी त्यांना मिळाला. घरातलं टेनिस मात्र सुटलं नाही. मुलगा गौरव याने लिअँडर पेसबरोबर १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

आता शोध. वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळणार असाल, तर दिवाळीनंतरचे, मार्चपर्यंतचे आधी बघा. लाल मातीची कोर्टं पावसात बंद असतात. निकालात ९–७, ११–९ असे आकडे दिसले तर छपाईची चूक समजू नका. गेमची बरोबरी झाल्यावर सेट लगेच निकाली काढणारा टायब्रेक मोठ्या स्पर्धांत १९७० पासून आला. त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा. शाळेचे वार्षिक अंक आणि बक्षीस समारंभाचे अहवालही मागा. पण २००५ आणि २०१९ च्या पुरात सांगलीतले किती कागद भिजून गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून माणसांपासून सुरुवात करा. कप दुहेरीचा आहे. असाच दुसरा कप वडिलांच्या जोडीदाराला मिळाला असणार. वडिलांच्या वर्गमित्रांना आधी गाठा. ते आता पंच्याऐंशीच्या आसपास असतील, तेव्हा हे काम याच महिन्यात करा.