टार्क्विन राजे एट्रुस्कन, मग रोम कोणाचं?

प्राचीन रोमचे टार्क्विन राजे एट्रुस्कन होते, म्हणजे रोमच्या उत्तरेच्या एट्रुरिया या प्रदेशातले; मग रोम एट्रुरियाच्या ताब्यात होतं असं का म्हणू नये, हा तुमचा प्रश्न. मी तरी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण एक दगड आहे.

१८९९ साली रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात, काळ्या फरसबंदीखाली एक कोरीव दगड सापडला. इ.स.पू. सहाव्या शतकातला, म्हणजे साधारण टार्क्विनांच्याच काळातला. मजकूर बराच तुटलाय, पण 'राजाला' या अर्थाचा शब्द वाचता येतो आणि तो चक्क लॅटिन आहे. जिंकलेल्या शहरात जेत्याने राजाचा धाक स्वतःच्या भाषेत घातला नसता का? रोमन इतिहासकार लिव्हीची कथाही चढाईची नाही. करिंथ या ग्रीक शहरातून परागंदा झालेल्या ग्रीकाचा मुलगा टार्क्विनिया या एट्रुस्कन शहरात उपरा ठरतो, बायको तानाक्विल त्याला रोमला चल म्हणते, आणि तिथे तो राजा होतो, तोच पहिला टार्क्विन. कथाच ती, पण परक्याला सामावून घेणारं रोम त्यात दिसतं.

एट्रुस्कनांचं रोमला देणं मात्र मोठं आहे. पॅलाटाइन टेकडीवर झोपड्या होत्या, खाली पाणथळ. ती भरून, चर खणून फोरमची जागा झाली. चराचं श्रेय परंपरा टार्क्विनांनाच देते. कॅपिटॉल टेकडीवरच्या ज्युपिटर देवाची मूर्ती घडवायला शिल्पकार वुल्का आला तो वेई या एट्रुस्कन शहरातून, जेमतेम १६ किलोमीटरवरून. बळीच्या पशूचं यकृत पाहून शकुन सांगणारेही तिकडचेच.

पण मला सगळ्यात गंमत वाटते ती लिपीची. ग्रीकांचं तिसरं अक्षर गॅमा, उच्चार 'ग'. एट्रुस्कन भाषेत 'ग' नव्हताच, म्हणून त्यांनी ते 'क'साठी वापरलं; तेच लॅटिनचं 'सी' (C). त्यांच्याकडून लिपी घेतलेल्या रोमनांना दोन्ही ध्वनी हवे होते, तरी बराच काळ त्यांनी एका 'सी'वरच भागवलं. (क-ख-ग-घ पाठ केलेल्या आपल्याला हे अंमळ विचित्र वाटतं.) इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्या 'सी'ला एक रेघ जोडून 'जी' (G) केला. नावांची जुनी संक्षिप्त रूपं मात्र कोणी बदलली नाहीत. म्हणून गायस ज्युलियस सीझरचा 'गायस' लॅटिन शिलालेखांत आजही नुसत्या 'सी'नेच लिहिलेला दिसेल.