आजीचा देश, आजोबांचा सातबारा

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तुझं म्हणणं असं: महाराष्ट्राच्या नावातच 'राष्ट्र' आहे, एसटी स्टँडवर 'महाराष्ट्र राज्य' लिहिलंय, आणि आजी म्हणते 'आपण देशावरची माणसं'. मग महाराष्ट्र नक्की कोण, देश, राष्ट्र की राज्य? शिवाय सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, तर ती जमीन आपली की भारताची? हा शेवटचा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण सगळ्यांत अवघड तोच आहे. फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून हेगहून हे पत्र.

आधी आजीचा देश. सह्याद्रीच्या पूर्वेला जे पठार पसरलंय त्याला मराठीत देश म्हणतात. घाट उतरलास की कोकणात, घाट चढलास की देशावर. 'देशावर' मधला 'वर' अगदी शब्दशः घे, खालून वर चढूनच तिथे जातात. देशमुख आणि देशपांडे ही आडनावंही त्यातलीच. देशमुख हा परगण्याचा वतनदार, म्हणजे काही गावांच्या समूहाचा प्रमुख, आणि देशपांडे त्या परगण्याचा हिशेब लिहिणारा. तुझ्या वर्गातला देशमुख पंतप्रधानांच्या घराण्यातला नाही, हे त्याला हळूच सांग.

'राष्ट्र' हा शब्दही पूर्वी असाच प्रदेशाला वापरत. ऐहोळेला इ.स. 634 चा शिलालेख आहे. त्यात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असं लिहिलंय. तीन! एका राजाखाली तीन महाराष्ट्रं मावत होती, कारण तिथे राष्ट्र म्हणजे मुलूख. पुढे राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत 'राष्ट्रपती' भेटतो, तो एका प्रांतावर नेमलेला अधिकारी. आजच्या भाषेत कलेक्टर किंवा कमिशनर म्हण. शब्द तेच राहिले, अर्थ बदलले. म्हणून नावावरून दर्जा ठरवायला गेलीस की फसशील.

राष्ट्र याचा आजचा अर्थ निराळा आहे. आपण एक आहोत असं मानणारा आणि आपला कारभार आपण ठरवावा असं वाटणारा लोकसमूह म्हणजे राष्ट्र. ते माणसांच्या मनात असतं, त्याला कुंपण लागत नाही. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेले आहेत. राष्ट्र म्हणावं इतकी ओळख त्यांच्यापाशी आहे, स्वतःचं सार्वभौम राज्य मात्र नाही.

राज्याला कुंपण लागतं. 1933 साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओला एक करार झाला, त्यातल्या चार अटी आजही सगळीकडे शिकवतात: कायम राहणारे लोक, ठरलेली भूमी, सरकार, आणि दुसऱ्या राज्यांशी स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याची ताकद. महाराष्ट्राला लावून बघ. लोक 2011 च्या जनगणनेत 11 कोटी 23 लाख, म्हणजे आख्ख्या नेदरलँड्सच्या सहापट. भूमी 3,07,713 चौरस किलोमीटर, इथल्या सातपट. सरकार आहे, विधानसभा आहे, पोलीस आहेत. अडतं ते चौथ्या अटीपाशी. मुंबई कुणाशी तह करू शकत नाही, राजदूत नेमू शकत नाही, स्वतःचा पासपोर्ट देऊ शकत नाही. ही कामं घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहेत. तुझ्या पासपोर्टवर राष्ट्रीयत्व भारतीय एवढंच आहे, महाराष्ट्राचं वेगळं नागरिकत्व असा प्रकारच नाही. घोळ होतो तो इंग्रजीत 'स्टेट' आणि मराठीत 'राज्य' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून. कॅलिफोर्नियाही स्टेट आणि फ्रान्सही स्टेट.

याच अटी रायगडावर लावून बघितल्या तर मजा येते. 6 जून 1674 च्या आधीही महाराजांपाशी लोक, किल्ले, फौज, कारभारी सगळं होतं. पण विजापूरच्या दरबारी हिशेबात ते एका जहागीरदाराचे चिरंजीव. अभिषेक झाला, स्वतःची नाणी पडली, शक सुरू झाला. त्या वेळी गडावर ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता आणि कंपनीने महाराजांशी तह केला. चौथी अट अशी पुरी होते: तुमच्या शिक्क्यावर दुसरा सही करतो तेव्हा.

आता भारत आणि महाराष्ट्र यांच्यातलं. घटनेचा पहिला अनुच्छेद भारताला राज्यांचा संघ म्हणतो. तिसरा अनुच्छेद संसदेला राज्यांच्या सीमा बदलण्याचा, नवं राज्य करण्याचा, नाव बदलण्याचा अधिकार देतो. त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, पण ते ऐकायलाच पाहिजे असं नाही. जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी 2 जूनला तेलंगणा झालं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेही संसदेच्या कायद्यानेच. त्यामागे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ होती, हुतात्मा चौक तिचाच, पण शेवटची सही दिल्लीची. बेळगावचा सीमाप्रश्नही याच घरातला. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो दोन राज्यांतला. बेळगाव कुठल्याही बाजूला गेलं तरी भारताची हद्द वीतभरही हलत नाही. म्हणून त्याला सीमाप्रश्न म्हणतात, सरहद्दीचं भांडण म्हणत नाहीत.

देशाबाहेर जमीन द्यायची असेल तर मात्र साधा कायदा चालत नाही. बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला द्यायच्या प्रकरणात 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परक्या राज्याला भूमी देण्यासाठी घटनादुरुस्ती हवी. बांगलादेशाशी अदलाबदल झाली ती 2015 मध्ये, शंभराव्या दुरुस्तीने. तिकडे अडकलेली भारताची 111 बेटं त्यांना मिळाली आणि इकडची त्यांची 51 आपल्याला. बेटं म्हणजे पाण्यातली नव्हेत, दुसऱ्याच्या जमिनीत अडकलेले तुकडे.

आता सातबारा. आजीकडून तो घे आणि वरच्या बाजूला बघ. 'भूधारणा पद्धती' असं लिहिलेलं असेल आणि पुढे 'भोगवटादार वर्ग 1' किंवा 'वर्ग 2'. मालक हा शब्द शोधू नकोस, त्याच्या जागी भोगवटादार आहे, जमिनीचा भोग घेणारा. वर्ग 1 ला विकायची मोकळीक असते, वर्ग 2 ला आधी सरकारची परवानगी काढावी लागते. तिथेच 'आकारणी' म्हणून एक आकडा दिसेल, रुपये आणि पैशांत, हसू येईल इतका लहान. तो शेतसारा. एकाच कागदावर दोन गोष्टी आल्या: जमीन कोण वापरतो आणि महसूल कोण घेतो. तिसरी गोष्ट कागदावर नाही, कारण कागदाला अर्थच तिच्यामुळे आहे. हा नमुना कुणी ठरवला, फेरफार कोण मंजूर करतो, वाद झाला तर कुठल्या कोर्टात जायचं, हे ठरवण्याची सत्ता म्हणजे भूमीवरचं सार्वभौमत्व. वापर आजोबांचा, शेतसारा महाराष्ट्र शासनाचा, सार्वभौमत्व भारताचं. तिघांनाही 'जमीन आमची' म्हणता येतं आणि तिघंही खरं बोलत असतात. म्हणूनच इथे हेगमध्ये एखाद्या भारतीयाने घर विकत घेतलं तरी त्या चौकोनात भारत उगवत नाही.

महसूल आणि सत्ता यांतला फरक मराठ्यांना चांगला ठाऊक होता. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आला, त्या तीन वेगवेगळ्या होत्या: स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. स्वराज्य म्हणजे जिथे कारभार आपला. चौथाई म्हणजे दख्खनच्या सहा मोगल सुभ्यांतल्या महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी दहावा. तिथे वसुली मराठ्यांची, सुभा बादशहाचा. खरं तर स्वराज्याची सनदही बादशहाच्या नावाने आणावी लागली, तो सल निराळा.

या फरकावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगाल विरुद्ध भारत असा खटला चालला. आपण ट्रामने जातो त्या शांतता राजवाड्यात. झालं असं: 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी पोर्तुगिजांकडून सोडवली. मुंबई-पुण्याकडची बरीच मराठी माणसं त्यात होती, गायक-संगीतकार सुधीर फडकेसुद्धा. दमणहून तिथे जायचं तर मध्ये भारताची जमीन. भारताने वाट बंद केली आणि पोर्तुगालने 1955 मध्ये दावा लावला. त्यांचा आधार कुठला, तर पेशव्यांशी 1779 मध्ये झालेला तह. त्या तहाने मराठ्यांनी गावांचं सार्वभौमत्वच आम्हाला दिलं, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांसमोर तह आणि नंतरच्या 1783 व 1785 च्या सनदा उलगडल्या. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वर्षाला 12,000 रुपयांचा सरंजाम, म्हणजे महसूल. सार्वभौमत्व दिलेलं नाही. आपल्या दफ्तरातला 'सरंजाम' हा शब्द त्या इंग्रजी-फ्रेंच निकालपत्रात जसाच्या तसा छापलेला आहे.

पण एवढ्यावर भारत जिंकला असं समजू नकोस. न्यायालय पुढे म्हणालं, इंग्रज आले तेव्हा त्यांनी पोर्तुगिजांना तिथले धनी म्हणून वागवलं, नंतर भारतानेही तेच चालवलं, म्हणून सार्वभौमत्व वागणुकीतून तयार झालं. त्यामुळे साध्या प्रवाशांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट मिळण्याचा हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना हक्क नाही, हे 8 विरुद्ध 7 असं काठावर ठरलं. आणि 1954 मध्ये वाट अडवून भारताने काही मोडलं नाही, हे 9 विरुद्ध 6 ने. कागदावर सरंजाम होता, पण पावणेदोनशे वर्षं कुणी हटकलं नाही की तो कागद मऊ पडतो. वहिवाटीचं हे दुखणं गावातल्या बांधाच्या भांडणातही असंच असतं, आजीला विचार.

1954 ते 1961 त्या भागाचा कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. लोक होते, भूमी होती, कारभार होता, मान्यता कुणाचीच नाही. भारतात सामील व्हायचं तर करारावर सही करायला कुणीतरी 'प्रमुख' हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. गोव्याचं उलट. 19 डिसेंबर 1961 ला ताबा आला, कारभार सुरू झाला, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं 1974 च्या शेवटच्या दिवशी. मधली तेरा वर्षं गोवा भारतात होता, पण पोर्तुगालच्या कागदांत तो भारताचा नव्हता. पुढे 16 जानेवारी 1967 ला तिथे कौल घेतला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. 1,72,191 लोकांनी वेगळं राहायचं ठरवलं, 1,38,170 विलीनीकरणाच्या बाजूने. त्यातलं कुणीही भारतातून बाहेर पडायचं म्हणत नव्हतं, प्रश्न घरातल्या खोल्यांचा होता.

आणि 'सार्वभौम' या शब्दाची गंमत अशी की मूळ अर्थ सर्व भूमीचा धनी, चक्रवर्ती. आज अर्थ बरोबर उलटा: ज्याची सत्ता एका रेषेवर थांबते आणि त्या रेषेच्या आत दुसऱ्या कुणाची चालत नाही, तो सार्वभौम. ती रेषा जमिनीवरच असते असंही नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, समुद्र पूर्ण भारताचा आणि त्यावरचं आकाशही. 200 मैलांपर्यंत मासळी आणि तळातलं तेल यांवर हक्क आहे, पण तिथून परकी जहाजं जाऊ शकतात. हक्क आणि सार्वभौमत्व वेगळं, सरंजामासारखंच.

परत आलीस की बार्ले गावाला जाऊ. नेदरलँड्सच्या त्या गावात बेल्जियमचे 22 तुकडे आहेत, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात. फुटपाथवर पांढरे क्रॉस मारलेत, एका बाजूला एनएल, दुसऱ्या बाजूला बी. रेषा घरातून गेली तर पुढचा दरवाजा ज्या देशात उघडतो तो त्या घराचा देश, असा रिवाज आहे. भारतीय दूतावासाचा दरवाजा मात्र तसा नाही. लोक हमखास म्हणतात, दूतावास म्हणजे भारताची भूमी. तसं नाही. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार डच पोलीस परवानगीशिवाय आत पाऊल टाकू शकत नाहीत, पण जमीन नेदरलँड्सचीच राहते. तिथे जन्मलेलं बाळ भारतात जन्मलं असं धरत नाहीत.

सातबाऱ्याचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा, सावली न पाडता. वर्ग 1 आहे की 2 ते मलाही बघायचंय. आजीला नमस्कार.

तुझी
आई