एकट्याने पहिला लांबचा प्रवास? आधी एवढं करा

पहिल्याच खेपेला हजार किलोमीटरचा बेत नको. सोलापूरहून भिगवण गाठा. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दिसतात आणि गाडीचीही परीक्षा होते.

सगळ्यात जास्त लक्ष टायरांकडे द्या. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दिसतं. ते बघून हवा सोडलीत, तर थंड झाल्यावर ती कमी भरते. कमी हवेचा टायर वेगात आणखी तापतो आणि फुटू शकतो. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनी हमखास विसरली जाते, तीही बघा. आणि एकदा घरासमोरच चाक बदलून पाहा. नट सुटत नाहीत हे माळावर कळून काय उपयोग?

सोबत घ्या:
- पिण्याचं पाणी, किमान ५ लिटर
- ओआरएस, टॉर्च, टोपी
- मोबाईलमध्ये आधीच उतरवलेला नकाशा. रेंजवर विसंबू नका

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे गाडी काळ्या मातीच्या रानात घालणं. पावसानंतर माती वरून सुकलेली दिसते, आत चिखलच असतो. गाडी डांबरावरून खाली घेऊन मुरमावर लावा, पुढे पायी जा. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात काळवीट बघायचे तर सकाळी लवकर, वनखात्याचे नियम विचारूनच.

घरच्या एकाला मार्ग आणि परतीची वेळ लिहून द्या. दर दोन तासांनी थांबा. तंबू, गॅस, कॅरियर वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर बघू.