दंड भरला म्हणजे केस मिटली नाही

पोरा,

अनेक आशीर्वाद.

परवा राउंड संपल्यावर बाकीची पोरं टपरीकडं पळाली आणि तू एकटाच बुटाची नाडी सोडत बसलास. तेव्हाच वाटलं, याच्या पोटात काहीतरी आहे. मग गेल्या पोलीस भरतीत लागलेल्या मित्राकडून मागवलेला साक्षांकन नमुन्याचा, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या फॉर्मचा, फोटो मोबाइलवर दाखवलास. "तात्या, माझ्यावर गांजा ओढल्याची केस झाली, पण इथं 'नाही' लिहिलं तर कुणाला कळतंय?" मी खेकसलो आणि तू मान खाली घालून निघून गेलास. तेव्हा नीट बोलायला हवं होतं. आता लिहितो.

आधी एक विचारतो, त्याचं उत्तर मला नको, स्वतःला दे. अजून ओढतोस का? महिन्यातून एकदा, कुणाच्या वाढदिवसाला, हरिपूरच्या संगमावर बसून? तसं असेल तर फॉर्म बाजूला ठेव आणि आधी सांगलीच्या सिव्हिलला जा. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या नंबरला फोन केलास तरी चालेल, पैसे पडत नाहीत. सुटलं असेल, तर पुढचं वाच.

तू म्हणालास, "दंड भरला, केस मिटली." इथंच तुझी गफलत आहे आणि ती निम्म्या पोरांची असते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यात कलम २७ सेवनाचं. गांजासाठी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलानं तुला सांगितलं, कबूल कर, दंड भर, तारखा वाचतील. तारखा वाचल्या खऱ्या. पण न्यायाधीशांपुढं गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. निर्दोष सुटलास असं नाही, शिक्षा झाली आणि ती तू भोगलीस. त्या नमुन्यातला प्रश्न परत वाच. अटक झाली होती का, खटला चालला का, दोषी ठरला का, आणि 'दंड झाला का' हेही त्यात स्वतंत्रपणे विचारलंय. तुला 'नाही' म्हणायला जागाच नाही.

हे होताना तू अठराच्या आत असतास तर गोष्ट वेगळी होती. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणं अल्पवयात घडलेल्या गोष्टीचा डाग साधारणपणे पुढं नोकरीच्या आड येत नाही. तू अठरा पुरे होऊन चार महिने झालेला होतास. चार महिन्यांनी हुकलास, लेका.

आता कळतं कसं, ते सांगतो, कारण हे काम मी केलंय. निवड झाली की तुझं नाव तुझ्या ठाण्याला चारित्र्य पडताळणीसाठी येतं. हवालदार सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्ह्यांच्या कॉम्प्युटर नोंदींत, नाव टाकतो, गुन्हे रजिस्टर बघतो, गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो. एकदा एका पोराचे वडील माझ्याकडं द्राक्षाची पेटी घेऊन आले. पोरावर मारामारीची जुनी केस होती, तडजोडीत मिटलेली. माणूस ओळखीचा, पोरगं गुणाचं. मी अहवालात 'निरंक' लिहिलं. पेटी घेतली नाही, पण त्यानं काय फरक पडला? पोरगं ट्रेनिंगला गेलं, सहा महिने काढले, आणि भावकीतल्या कुणीतरी निनावी अर्ज टाकला. पोरगं घरी आलं. त्याच्या फॉर्मवरही 'नाही' होतं आणि ते त्याला मारामारीपेक्षा महागात पडलं. माझी एक वेतनवाढ गेली. ते पोरगं आता गावात ट्रॅक्टर चालवतं. समोरासमोर आलो की मी रस्ता बदलतो.

'खरं लिहिलं की नोकरी पक्की' असं मात्र मी तुला सांगणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात हे बऱ्यापैकी स्पष्ट केलंय. फॉर्ममधली माहिती खरी हवी, लपवाछपवी चालणार नाही. तरुणपणी घोषणा दिल्याबद्दल झालेल्या केससारखी किरकोळ बाब असेल, तर ती लपवली गेली असली तरी नोकरी देणाऱ्याला सोडून देता येते. आणि माणसानं सगळं खरं सांगितलं असलं तरी त्याला घ्यायलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. पूर्वचारित्र्य बघून नाही म्हणायचा हक्क राहतो. शिपायाच्या बाबतीत तो निर्णय पोलीस अधीक्षकांचा.

त्यातून तुझी केस अमली पदार्थाची. आपल्या जिल्ह्यात ती हलक्यानं घेतली जाणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोन हा नशेचा माल उचलला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ त्याचा कारखानाच सापडला. उद्या असल्याच छाप्यात पंच गोळा करायला आणि माल सील करायला तुला पाठवणार. तुझी फाइल बघणारा साहेब याचा विचार करणारच, आणि त्यात त्याचं चूक नाही. ओढणं आणि विकणं यातला फरकही त्याला कळतो. पण लपवलेलं सापडलं की तो फरक बघायला कुणी बसत नाही.

एक मात्र सांगतो. फॉर्म केसबद्दल विचारतो, तुझ्या आयुष्यातल्या प्रत्येक चिलमीबद्दल नाही. न विचारलेलं लिहून हुतात्मा व्हायची गरज नाही. मेडिकलला डॉक्टरांनी सवयींबद्दल थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढंच.

लिहायचं कसं तेही सांगतो. आधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सहीशिक्क्याची प्रत काढ. मग सरळ लिही: अमुक तारखेला, अमुक ठाण्यात, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) अमुक, एनडीपीएस कलम ८(क), २७ प्रमाणे माझ्यावर गुन्हा दाखल झाला. मी न्यायालयात गुन्हा कबूल केला. इतका दंड झाला, तो भरला. निकालाची प्रत सोबत जोडली आहे. बस. "मित्रांच्या संगतीनं" लिहू नकोस, "फसवलं गेलं" तर अजिबात नको. मी असे शेकडो जबाब लिहून घेतलेत. पहिल्या दोन ओळींतच कळतं, माणूस सांगतोय की सावरतोय.

आणि ग्राउंडवर तुला 'गांजाडा' म्हणून हसणाऱ्या त्या दोघांचं मनावर घेऊ नकोस. सोळाशे मीटरच्या वीस मार्कांसाठी कंपाउंडमागं जाऊन मेफेंटरमाइन टोचून घेतात, हे मला माहीत आहे. ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायचं औषध ते. पळत्या काळजात घातलं तर एखाद्या दिवशी पोरगं ट्रॅकवरच आडवं होईल. त्या दोघांना मी रविवारी बोलावलंय.

राहिला घरचा विषय. दंडाचे पैसे चुलतभावानं दिले आणि वडिलांना अजून पत्ता नाही, असं तू म्हणालास. पोरा, पडताळणीचा हवालदार दारात येऊन उभा राहील तेव्हा पाणी द्यायला तेच पुढं येतील. त्याच्या तोंडून कळू देऊ नकोस. मी सांगणार नाही, तूच सांग. रात्री जेवणाच्या ताटावर नको, सकाळी बागेत औषध मारायला जाल तेव्हा पंप पाठीवर घ्यायच्या आधी सांग. शिव्या खाशील. दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी कोर्टात नक्कल काढायला तेच तुझ्याबरोबर येतील, असं मला वाटतं, कारण तुझ्या वडिलांना मी तीस वर्षं ओळखतो.

तुरचीला पोलीस ट्रेनिंगला जाशील की नाही, ते पुढचं पुढं.

सोमवारी साडेपाचला ये. गोळा सोडताना तुझं कोपर अजून खाली पडतंय, त्यात अर्धा मीटर जातोय.

तुझा,
तात्या